समुद्रावरच्या सुटीचं देणं

मुंबईच्या बंदरातून निघायचं, दोन-तीन दिवस समुद्रावर काढायचे, सोबत जुनी मित्रमंडळी घ्यायची आणि त्या दिवसांत ठरवून काहीच करायचं नाही, हा बेत पुण्याच्या खराडीत आता कुणाला नवलाचा वाटत नाही. ईऑन आयटी पार्क किंवा वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या इमारतींत अमेरिकेच्या नाहीतर युरोपच्या घड्याळावर काम करणारी माणसं एखादा लाँग वीकेंड हेरतात, रजा जुळवतात, द्रुतगती मार्गाने मुंबई गाठतात आणि क्रूझवर चढतात. ही बोट बहुधा कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ असते. १९९० साली फ्रान्समधल्या सेंट नाझेरच्या गोदीतून ती बाहेर पडली, बरीच वर्षं परदेशी प्रवाशांना घेऊन फिरली आणि सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीप अशा फेऱ्या करू लागली. सुमारे १८०० प्रवासी तिच्यात मावतात. अशा सुटीबद्दल धर्माला काही विचारायचं आहे का, असा प्रश्न केला तर बहुतेक जण नाही म्हणतील. पैसे आपले, वेळ आपला, कुणाचं काही बिघडवलं नाही, मग धर्म मध्ये कशाला? मला मात्र वाटतं की विचारण्याजोगं पुष्कळ आहे. आपल्या परंपरेने एके काळी समुद्रप्रवासाला दोष मानलं. त्या दोषाचं तिने केलेलं निदान चुकलं होतं आणि उपाय तर त्याहून चुकला होता. पण समुद्रावर जाणारा माणूस कुणाचं तरी देणं डोक्यावर घेऊन परत येतो, ही मूळ जाणीव खोटी नव्हती. ते देणं कुणाचं आणि ते फेडायचं कसं, हे तपासून पाहायला हवं.

शास्त्रात काय आहे ते आधी नीट पाहिलं पाहिजे, कारण ‘आपल्याकडे समुद्र ओलांडायला बंदी होती’ हे विधान सर्रास केलं जातं आणि ते अर्धंच खरं आहे. बौधायन धर्मसूत्राच्या आरंभी उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या लोकांच्या पाच-पाच वादग्रस्त चालीरीती दिल्या आहेत. दक्षिणेकडच्यांत मामाच्या मुलीशी लग्न येतं. उत्तरेकडच्यांत लोकरीची विक्री, शस्त्रांचा धंदा आणि समुद्रप्रवास येतो. म्हणजे लोक समुद्रावर जातात हे सूत्रकाराला चांगलं ठाऊक होतं. पुढे तोच ग्रंथ पातित्य आणणाऱ्या कृत्यांत समुद्रप्रवासाला पहिलं स्थान देतो आणि तीन वर्षांचं प्रायश्चित्त सांगतो: दर चौथ्या जेवणवेळेला तेवढं खायचं आणि तेही मोजकं, दिवसातून तीनदा स्नान करायचं, दिवस उभ्याने आणि रात्र बसून काढायची. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाला कोणत्या ब्राह्मणांना बोलावू नये त्याची यादी आहे. तीत समुद्रावर जाणारा माणूस घरं जाळणाऱ्याच्या आणि विष घालणाऱ्याच्या शेजारी बसवलेला आहे. आणि त्याच मनुस्मृतीचा आठवा अध्याय सांगतो की समुद्रप्रवासात मुरलेल्या, देश, काळ आणि नफा जाणणाऱ्या माणसांनी ठरवलेलं व्याज प्रमाण धरावं. एकीकडे त्याला पंगतीतून उठवायचं आणि दुसरीकडे त्याच्याच अनुभवावर बाजाराचे दर ठरवायचे, असा हा दुहेरी व्यवहार आहे. मध्ययुगात कलिवर्ज्यांच्या याद्या तयार झाल्या आणि बंदी आणखी घट्ट झाली. समुद्रावरून परतलेल्या द्विजाने प्रायश्चित्त घेतलं तरी त्याच्याशी संबंध ठेवू नये, असं त्यात आलं. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात या याद्यांचा सविस्तर परामर्श घेतला आहे. त्या वाचताना एक गोष्ट सहज ध्यानात येते: जे कलियुगात वर्ज्य म्हणून मुद्दाम सांगावं लागतं, ते त्याआधी चालत असलं पाहिजे. यादी हाच पुरावा.

कोकण किनाऱ्याने तर या निषेधाची फारशी पत्रास ठेवली नाही. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याण आणि सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांची दानं कोरलेली आहेत, कार्ल्याच्या खांबांवर यवन दात्यांची नावं आहेत. शिवाजी महाराजांनी १६६५ मध्ये बसरूरची मोहीम समुद्रमार्गे काढली आणि स्वतः जहाजावर होते. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा दरारा इंग्रज, पोर्तुगीज, डच सगळ्यांनी अनुभवला. कोळी, भंडारी, खारवी यांचं तर पोटच खाऱ्या पाण्यावर. तेव्हा निषेध सगळ्या समाजाला लागू नव्हता. तो वरच्या वर्णांच्या आचाराभोवती घातलेलं कुंपण होता. त्या कुंपणाला भीती कशाची होती, हे मराठी इतिहासातली दोन उदाहरणं जवळजवळ ठेवली की कळतं. १७८१ साली रघुनाथरावांचे वकील हणमंतराव इंग्लंडला गेले. तिथे एडमंड बर्क यांनी त्यांना आपल्या बीकन्सफील्डच्या घरी ठेवून घेतलं आणि त्यांच्या स्नानसंध्येची, वेगळ्या स्वयंपाकाची सोय करून दिली. एवढा कडक आचार पाळूनही परत आल्यावर त्यांना सोन्याच्या योनीतून बाहेर काढून नवा जन्म द्यावा लागला, अशी तत्कालीन इंग्रजी नोंद आहे. दुसरं उदाहरण पुण्याचं. १८९० मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये टिळक, रानडे आणि इतर मंडळींनी चहा घेतला, निदान चहाचे पेले त्यांच्यापुढे आले, आणि गोपाळराव जोशांनी ती बातमी फोडली. त्यावरून ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं आणि १८९२ मध्ये रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतलं. पंचहौदात समुद्र नव्हता, गुरुवार पेठ होती. तरी दंड तोच आणि भाषाही तीच. भीती पाण्याची नव्हतीच. आपण कुणाच्या हातचं खाल्लं आणि कुणाच्या शेजारी बसलो, याची ती भीती होती. बोटीवर ही बंधनं पाळता येत नाहीत, म्हणून बोट वाईट.

ही भीती गेली हे फार चांगलं झालं. आनंदीबाई जोशी १८८३ च्या फेब्रुवारीत सेरामपूरच्या सभेत उभ्या राहिल्या, आपण अमेरिकेला का जातो याची कारणं त्यांनी एकेक करून मांडली, आणि बहिष्काराच्या धमकीला उत्तर दिलं की मी हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीवर चढल्या तेव्हा त्यांना नुकतीच अठरा वर्षं पूर्ण झाली होती. त्या एका प्रवासापुढे कलिवर्ज्यांची सगळी यादी मला लहान वाटते. आज क्रूझच्या भोजनगृहात एका बाजूला जैन जेवण असतं, दुसऱ्या बाजूला गोव्याची मासळी, आणि एकाच टेबलावर देशस्थ, बौद्ध, मराठा, मुसलमान मित्र मांडीला मांडी लावून बसतात; कुणाला काही वाटत नाही. इथपर्यंत येण्यासाठी महाराष्ट्राला शंभर-सव्वाशे वर्षं झगडावं लागलं. पण चुकीच्या उत्तराबरोबर आपण प्रश्नही समुद्रात टाकून दिला. माझ्या प्रवासाचा भार कुणावर पडतो, तो उतरवायची माझी काही जबाबदारी आहे की नाही, हे विचारण्याची सवयच मोडली. जुनं प्रायश्चित्त जातीकडे तोंड करून घेतलं जाई, म्हणून ते पोकळ होतं. रानड्यांसारख्या माणसाला विश्वास नसताना ते घ्यावं लागलं, यातच त्याची पोकळी उघडी पडते. जातीचं काही देणं नव्हतंच. ज्यांचं होतं ते त्या सगळ्या वादात कुठेच दिसत नाहीत: शीड ओढणारे, कोळसा टाकणारे, भांडी घासणारे.

या देण्याचा विचार करायला धर्मशास्त्रातच एक दुसरी, कितीतरी शहाणी चौकट आहे, आणि समुद्रयानाच्या वादात कुणी तिला हात लावलेला दिसत नाही. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायातच पंचसूना सांगितल्या आहेत. गृहस्थाच्या घरात हिंसा घडण्याच्या पाच जागा: चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. चुलीत किडामुंगी जळते, उखळात चिरडली जाते, केरसुणीखाली मरते. यावर शास्त्र काय सांगतं? चूल विझवा असं सांगत नाही. घर सोडा असंही सांगत नाही. ते पाच महायज्ञ सांगतं, रोजचे, साधे: अध्ययन आणि अध्यापन, पितरांना तर्पण, देवांना आहुती, भूतांना बळी आणि अतिथीला अन्न. जगताना दुसऱ्याला इजा होणारच, ती टाळून कुणी जगत नाही. पण ती झाली हे मान्य करायचं आणि घेतलेल्यातलं रोज काही परत द्यायचं, असा हा हिशेब आहे. गीतेचा तिसरा अध्याय याच धाग्यावर बोलतो. जो फक्त स्वतःसाठी शिजवतो तो पाप खातो, आणि जो घेऊन परत देत नाही तो चोर ठरतो. माझं म्हणणं असं की समुद्रावरच्या सुटीचा दोष पतनीय कृत्यांच्या यादीत शोधायचा नाही, पंचसूनांच्या रांगेत शोधायचा. तो निषेधाचं कारण होत नाही. तो परतफेडीचं कारण होतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल की दोष मुळात आळसाचा आहे. चार दिवस नुसतं डेकवर पडून राहणं, खाणं आणि गप्पा मारणं यात पुरुषार्थ कसला? कर्मयोगाच्या भूमीत, जिथल्या माणसाने मंडालेच्या तुरुंगातही ‘गीतारहस्य’ लिहून काढलं, तिथे रिकामपणाचं समर्थन कसं होईल? गंमत अशी की आजच्या कंपन्या या आक्षेपाला फार सोपं उत्तर देतात: विश्रांती घ्या म्हणजे ताजेतवाने होऊन जास्त काम कराल. मला हे उत्तर आक्षेपापेक्षाही जास्त खटकतं. विश्रांतीचं मोल पुढच्या तिमाहीतल्या कामावरून ठरणार असेल, तर ती बोट म्हणजे ऑफिसचाच एक मजला, फक्त पाण्यावर तरंगणारा. ॲरिस्टॉटलने उलटं म्हटलं होतं: आपण निवांतपणासाठी राबतो, राबण्यासाठी निवांत होत नाही. मैत्रीबद्दलही त्याने एक नेमकी गोष्ट सांगितली आहे. माणसांचं एकत्र राहणं म्हणजे गुरांसारखं एका कुरणात चरणं नव्हे. बोलणं आणि विचार वाटून घेणं म्हणजे एकत्र राहणं. आपल्याकडे यासाठी परदेशी साक्षीदार शोधायचीही गरज नाही. आषाढीला आळंदीहून आणि देहूहून पंढरपूरला चालत जाणाऱ्याला कुणी विचारत नाही की या वीस-बावीस दिवसांत तू काय कमावलंस. दिंडीतली सोबत, भजन, वाटेवरच्या गप्पा, एकमेकांचं ओझं उचलणं हे सगळं कशाचंही साधन नाही, ते स्वतःच हवं असलेलं आहे. वारकरी संप्रदायाने संगतीला साधनेइतकं मोठं केलं, आणि कर्मप्रधान महाराष्ट्राने त्याला कधी आळस म्हटलं नाही.

क्रूझवरचे दिवस या कसोटीला उतरू शकतात, निदान उतरण्याची सोय तिथे आहे. किनारा मागे पडला की मोबाइलची रेंज जाते. वायफाय विकत मिळतं, पण ते महाग आणि मंद, त्यामुळे पुष्कळ जण नाद सोडतात. खराडीत ज्या मित्राशी बोलताना त्याची नजर दर मिनिटाला फोनकडे जाते, तोच इथे दीड-दोन तास सलग समोर बसतो. पहिल्या संध्याकाळी बोलणं पगार, फ्लॅटचे हप्ते, मुलांच्या शाळांच्या फीवर फिरतं. दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवण झाल्यावर, वारा पडलेला असताना आणि चारी बाजूंना पाण्याखेरीज काही नसताना, कुणीतरी आपल्या वडिलांच्या आजारपणाबद्दल किंवा नोकरी सोडावीशी वाटते त्याबद्दल बोलायला लागतं, आणि बाकीच्यांना घाई नसते. हे बोलणं शहरात दोन कॉलच्या मधल्या फटीत बसत नाही, त्याला लांबलचक रिकामा वेळ लागतो. असा वेळ मिळणं हे माणसाच्या आयुष्यातलं खरं सुख आहे आणि त्याला कसल्याही सबबीची गरज नाही, असं मी ठामपणे म्हणेन. तेव्हा दोष निवांतपणात नाही. उलट बोटीवर जाऊनही डीजे, कॅसिनो आणि सेल्फीच्या रांगांत दिवस घालवला तर हाती आलेला निवांतपणा वाया गेला, एवढीच तक्रार करता येईल. एक जास्त बोचरी गोष्ट मात्र नोंदवायला हवी. मित्रांच्या टोळीत एखादा असा असतो की ज्याला हा खर्च झेपत नाही, आणि तो ‘रजा नाही’ म्हणून सांगतो. बाकीचे ते खरं मानतात, कारण खरं मानणं सोयीचं असतं. वारीला तिकीट नाही, बोटीला आहे. मैत्रीची जागा तिकिटाने ठरायला लागली की संगतीचं जे मोल आत्ता सांगितलं, त्यालाच भोक पडतं.

आता खरा दोष. वारीत आणि क्रूझमध्ये एक मोठा फरक आहे. दिंडीत स्वयंपाक करणाऱ्या बाया नंतर त्याच पंक्तीत जेवतात, आणि भेटणारा प्रत्येक जण दुसऱ्याच्या पाया पडतो, मग तो कोणीही असो. सेवा सगळीकडून सगळीकडे जाते. बोटीवर ती एकाच दिशेने वाहते. तुमचा निवांतपणा ज्याच्या धावपळीवर उभा असतो, तो केबिन साफ करणारा, पेले धुणारा, इंजिनाच्या खोलीत घामाघूम होणारा माणूस तुमच्या पंक्तीत कधीच बसत नाही. सागरी कामगारांसाठी २००६ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, तो २०१३ मध्ये अमलात आला आणि भारताने २०१५ मध्ये स्वीकारला. त्यातल्या संरक्षक तरतुदी पाहा: चोवीस तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती. दुसऱ्या पद्धतीने मोजायचं तर दिवसाला जास्तीत जास्त १४ आणि आठवड्याला ७२ तास काम. हे कामगाराच्या बाजूने केलेलं बंधन आहे, तरी त्यात चौदा तासांचा दिवस कायदेशीर बसतो. अशी नोकरी महिनोन्‌महिने चालते, आठवड्याची सुटी तिला माहीत नाही. जगभरच्या क्रूझवर राबणाऱ्यांत गोवेकरांची संख्या पिढ्यान्‌पिढ्या मोठी आहे. मुंबईत धोबीतलावच्या परिसरातले गोव्याच्या गावागावांचे ‘कूड’ याच तारवटी मंडळींसाठी उभे राहिले; बोट मिळेपर्यंत ते तिथे पेट्या ठेवून राहत. २०२० च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या टाळेबंदीत, ‘मारेला डिस्कव्हरी’ ही क्रूझ मुंबईपुढे नांगर टाकून उभी होती. तिच्यावरच्या शंभराहून अधिक भारतीय कर्मचाऱ्यांना समोर आपला देश दिसत होता आणि उतरायची परवानगी नव्हती. ती मिळायला एप्रिल सरत आला. प्रवासी केव्हाच घरी पोचले होते.

इथे सर्वांत जोरकस आक्षेप येतो: आम्ही पैसे दिले, त्यांनी पगार घेतला, देणं संपलं. हा आक्षेप हलक्याने घेऊ नये. बोटीवरच्या पगारावर गोव्यात आणि रत्नागिरीत घरं उभी राहिली, बहिणींची लग्नं झाली, मुलं इंजिनिअर झाली. हे काम कुणी जबरदस्तीने करत नाही, आणि कामगाराला बिचारा म्हणणं हाही त्याचा अपमान आहे. तरीही पैशाने सौदा मिटतो, ऋण मिटत नाही, असं मला वाटतं, आणि त्याचं कारण बोटीवरच सापडतं. बंदर सोडण्याच्या सुमाराला सगळ्या प्रवाशांना आपापल्या मस्टर स्टेशनवर जमवतात, लाइफ जॅकेट कसं घालायचं ते दाखवतात, जीवरक्षक नौका कुठे आहे ते सांगतात. २०१२ च्या जानेवारीत इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आपटली आणि ३२ माणसं मेली. त्या दिवशी चढलेल्या प्रवाशांची ही कवायत तोवर झालीच नव्हती. त्यानंतर नियम बदलून ती निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणी बंधनकारक झाली. या कवायतीत नारंगी जॅकेट घालून यादी हातात धरणारा माणूस नीट पाहावा. बहुधा तो केबिनमधला नाहीतर भोजनगृहातला कर्मचारी असतो. सकाळी टॉवेलचा हत्ती करून पलंगावर ठेवणारा हा माणूस, बोट कलंडली तर तुम्हाला नौकेत चढवून मग स्वतः चढण्यासाठी नेमलेला आहे. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून निघून रेवसच्या वाटेवर ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली; कोकणातल्या घराघरांत ती आठवण अजून आहे, त्यामुळे हे बोलणं अवास्तव वाटू नये. ज्याने तुमच्या जिवाची जबाबदारी पत्करली आहे, त्याच्याशी तुमचं नातं बिलाच्या आकड्यावर संपत नाही. अतिथियज्ञात अतिथी घरी येतो आणि यजमान देतो. इथे तुम्ही अतिथी आहात आणि तो यजमान पगारी आहे, म्हणून देणं उलट दिशेने फिरतं. त्याचं नाव विचारून लक्षात ठेवणं, कंपनीच्या अभिप्रायाच्या कागदावर ते नाव लिहिणं, बक्षिसी देताना हात आखडता न घेणं, मध्यरात्री हुक्की आली म्हणून त्याला पिटाळत न राहणं, ही त्यातली हाताशी असलेली कामं. मोठं काम परत आल्यावरचं: सागरी कामगारांच्या तासांबद्दल, अडकून पडलेल्या खलाशांबद्दल बातमी आली की ती आपली बातमी समजून वाचणं, आणि स्वस्तातली स्वस्त फेरी शोधताना ते स्वस्त कुणाच्या खर्चाने झालंय हे विचारणं.

दुसऱ्या टोकाचा आक्षेप विरक्तांचा. एवढा भार पडतो तर जाऊच नका, घरी बसा, नामस्मरण करा. हा आक्षेप प्रामाणिक आहे, पण पंचसूनांचा विचार त्याला पुरून उरतो. घरी बसलेल्याच्या चुलीतही हिंसा आहे, त्याच्या कुरिअरच्या खोक्यातही कुणाचे तरी तास आहेत. दोष टाळण्यासाठी एकेक गोष्ट सोडत गेलं तर शेवटी श्वासही सोडावा लागेल. संन्याशाला तो मार्ग खुला आहे, गृहस्थाला नाही, आणि शास्त्राने गृहस्थाला कधी संन्याशाच्या मापाने मोजलं नाही. याच आक्षेपाचं सौम्य रूप म्हणजे, हे सगळं डोक्यात ठेवलं तर मजा काय राहिली? त्याला उत्तर पंचमहायज्ञांच्या स्वभावातच आहे. ते पश्चात्तापाचे विधी नाहीत. अतिथी जेवल्यावर उरलेलं अन्न गृहस्थाने आनंदाने खायचं असतं, रडत नाही. काकबळी ठेवल्याने घरच्याच्या पानातला वरणभात बेचव झाला असं कुणी म्हटलेलं नाही. ज्याला घेतल्याची जाण आहे त्याला उपभोगाची चोरी वाटत नाही. माझ्या मते बोटीवर सगळ्यांत मोकळेपणाने हसू शकणारा माणूस तोच.

समुद्राचं देणं राहिलं. भूतांना बळी देण्याचा यज्ञ इथे फार शब्दशः घ्यावा लागतो, कारण बोटीखाली खरोखर जीवसृष्टी आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर आंग्रिया बँक ही प्रवाळांची बुडालेली पठारं आहेत, कान्होजींच्या घराण्याचं नाव त्यांना मिळालं आहे. बुफेवर ताट भरून अर्धं टाकणारा ते अन्न कुठे जातं हे विचारत नाही. ते दळून समुद्रात सोडता येतं. आणि बोटीचं स्वतःचं आयुष्य संपल्यावरचं काय? मुंबईहून २०१९ मध्ये मोठ्या थाटात सुरू झालेली जलेश कंपनीची ‘कर्णिका’ वर्षभरात बंद पडली आणि २०२० च्या नोव्हेंबरात गुजरातच्या अलंग किनाऱ्यावर तोडायला चढवली गेली. तिच्या पत्र्यांचे तुकडे करणारे हात प्रवाशांच्या नजरेसमोर कधीच आले नाहीत. यावर खराडीचा माणूस रास्त प्रश्न करील: चार दिवसांच्या बोटीचा एवढा काथ्याकूट, आणि वर्षाच्या उरलेल्या दिवसांचं काय? हा प्रश्न मला पूर्ण मान्य आहे, किंबहुना तो विचारला जावा यासाठीच हा सगळा विचार. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे जहाजाला प्रक्रिया न केलेलं मैलापाणी किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या आत सोडता येत नाही आणि प्लास्टिक तर कुठेच टाकता येत नाही. खराडीच्या कडेने मुळा-मुठा वाहते. पुण्याचं सगळं सांडपाणी घेऊन ती भीमेला मिळते, भीमा उजनीत शिरते, उजनीतून पंढरपूरला चंद्रभागा होते आणि पुढे कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जाते. वारकरी ज्या पाण्यात डुबकी मारतो त्यात खराडीच्या फ्लॅटांमधलं पाणी असतं. नदी सुधारण्यासाठी जपानच्या मदतीचा करार जानेवारी २०१६ मध्ये झाला. खराडीत महापालिकेचा शुद्धीकरण प्रकल्प आहे. मोठ्या सोसायट्यांना स्वतःचे असे प्रकल्प (एसटीपी) बांधावे लागले आहेत. ते चोवीस तास चालतात का, की विजेचं बिल वाचवायला रात्री बंद राहतात, आणि त्यातून निघालेलं पाणी बागेला जातं की नाल्याला, हे सोसायटीच्या वार्षिक सभेत उभं राहून विचारणं हाही भूतयज्ञच आहे. बारा मैलांचा नियम पाळणाऱ्या बोटीवर जाऊन आलेल्या माणसांनी तो प्रश्न पहिल्यांदा विचारावा, आणि उत्तर मिळेपर्यंत दर सभेला विचारावा.